दोरीखालून

बायकांच्या कपड्यांखालून पुरुषानं जायचं नाही,
ही इथली रीत.
सहा वर्षांचा असताना मी गेलो होतो एकदा, कटलेल्या पतंगामागे.
आईनं कानाला धरून रांजणापाशी नेलं,
डोक्यावर तीन तांबे ओतले आणि म्हणाली,
तेज जातं रे. गळून जातं अंगातून.
सहा वर्षांच्या पोरात ते कितीसं असणार!
पण तेव्हापासून बावन्न वर्षं
दोरी दिसली की मी वळसा घालतो.
सायकलच्या बाजूच्या बैठकीत गिऱ्हाईक असलं तरी.
अख्ख्या पाकोक्कूला माहीत आहे,
चॉ न्येइनच्या भाड्यात वळशाचे पैसे धरलेले असतात.

त्या मार्चात शिपाई गल्लीत शिरू लागले.
आधी कुत्री भुंकायची, मग दारं वाजायची.
चिरूट वळणाऱ्या थझिनचा भाऊ नेला.
पायरीवर त्याची चप्पल उरली, एकच.
तीन दिवस तिला कुणी हात लावला नाही.
चौथ्या दिवशी ओन चि मावशीनं ती उचलली, धुतली, उन्हात ठेवली
आणि विचारलं,
शिडी कुणाकडे आहे?

शिडी माझ्याकडे होती.

मास्तरांच्या गच्चीपासून कोपऱ्यावरच्या ताडापर्यंत दोरी,
आणि बायका आपापली थमेइनं घेऊन आल्या.
लग्नातलं. बाळंतपणातलं. तंबाखूचा वास कधीच न गेलेलं.
धुऊन टांगायची की तशीच, यावर भांडण झालं,
मग कुणीतरी काहीतरी बोललं आणि सगळ्या हसल्या,
किती दिवसांनी.
मी शिडी धरून, मान खाली.
तुझ्या आईचं आहे का रे एखादं? मावशीनं वरूनच विचारलं.
पेटीत होतं. हिरवं, कमरेला काळी पट्टी.
आई जाऊन अकरा वर्षं झाली, तरी
मी ते काठीच्या टोकावरच आणलं.

संध्याकाळी गाडी आली
आणि दोरीच्या अलीकडे थांबली.
त्यांच्याकडे बंदुका होत्या, चिलखतं होती,
वरून आलेला हुकूम होता.
हुकूम म्हणत होता, पुढे व्हा.
आणि प्रत्येकाची आई कानाशी म्हणत होती, नको.
वर चोवीस लुगडी वाऱ्यावर, निवांत.

अधिकारी ओरडला तेव्हा एक पोरगा टपावर चढला,
मिसरूडही न फुटलेला,
डोळे मिटून बांबू फिरवू लागला.
तिसरं की चौथं लुगडं निसटून त्याच्याच खांद्यावर पडलं.
तो तसाच उभा राहिला, पाल पडावी तसा.
गल्ली खिडक्यांच्या फटींतून हसली.
मला हसू आलं नाही.
मला ते तीन तांबे आठवले.

शेवटी त्यांनी दोरी कापली, सापडलं ते रस्त्यावर जाळलं.
तोवर मास्तरांच्या घड्याळात एकोणीस मिनिटं झाली होती,
आणि ज्यांच्यासाठी गाडी आली होती ती पोरं
मागच्या दारानं इरावतीकडे निघून गेली होती.

हिरवं ताडाच्या टोकाला होतं. वाचलं.
पहाटे नवी दोरी. बायकांपाशी काही तेवढीच लुगडी नव्हती.

आणि त्याच रात्री मास्तरांना दम लागला.
वळशाच्या वाटेवर नाका बसला होता.
सरळ वाटेवर दोरी.
मास्तर माझ्याकडे बघत होते, बोलायला श्वास नव्हता.
मी पायडल मारलं.

वाकलो नाही. वाकायचं सुचलं नाही.
हिरव्याचा काठ टकलावरून गेला,
दवानं थोडा ओला,
डांबरगोळ्यांचा वास.
मी वाट बघितली. खांद्यातून, पोटऱ्यांतून
काय गळतंय ते.
सायकल चालत राहिली.

डॉक्टरच्या दारात मास्तरांना जरा श्वास सापडला.
खिसा चाचपत म्हणाले,
वळसा नाही झाला ना,
आज भाडं कमी घे.